गृहकर्जाची तुलना आणि वार्षिक टक्केवारी दर : पोफळी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे परिचित असलेल्या चिपळूण तालुक्यातील पोफळी परिसरात वडिलोपार्जित जागेवर घर बांधणारा नोकरदार प्रथम विचारतो, तो व्याजाचा दर. परंतु व्याजदर ही कर्जाची संपूर्ण किंमत नव्हे. ती किंमत कशी मोजावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, मालमत्तेचे मूल्यांकन, कायदेशीर शोध अहवाल, विमा इत्यादी खर्च कर्जदारास सोसावे लागतात. कोकणात सातबारा अनेकदा सामाईक असतो. त्यामुळे शोध अहवाल टाळता येत नाही. व्याज व हे खर्च एकत्र धरून काढलेला दर म्हणजे वार्षिक टक्केवारी दर, अर्थात एपीआर. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका व गृहवित्त कंपन्यांनी हा दर नमूद केलेले मुख्य तथ्यांचे विवरणपत्र, कर्जदारास समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही.

उदाहरण :
कर्ज 20 लाख रुपये व मुदत 20 वर्षे मानू. 'अ' बँकेचा दर 8.50 टक्के व एकूण शुल्क 40,000 रुपये. 'ब' बँकेचा दर 8.65 टक्के व शुल्क 5,000 रुपये. मासिक हप्ते अनुक्रमे सुमारे 17,356 व 17,547 रुपये येतात. 'अ' बँकेच्या कर्जदाराच्या हाती प्रत्यक्षात 19,60,000 रुपयेच उरतात, हप्ता मात्र 20 लाखांवर भरावा लागतो. म्हणून 'अ'चा एपीआर सुमारे 8.78 टक्के, तर 'ब'चा 8.68 टक्के ठरतो. स्वस्त वाटणारे कर्जच महाग निघते.

येथे एक शंका संभवते. हप्त्यातील 191 रुपयांचा फरक 240 महिन्यांत सुमारे 45,800 रुपये होतो. मग 'अ' फायदेशीर नव्हे काय? केवळ बेरीज केल्यास तसे दिसते. परंतु शुल्कातील 35,000 रुपयांचा फरक आजच द्यावा लागतो, बचत मात्र वीस वर्षांत विखुरलेली असते. 8.65 टक्के दराने त्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे 22,000 रुपयेच भरते.

मर्यादा :
एपीआर कर्ज पूर्ण मुदतीपर्यंत चालेल व दर स्थिर राहील, असे गृहीत धरतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत कर्जदाराकडून बँकांनी मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2012 पासूनचा दंडक आहे. त्यामुळे अनेकजण निवृत्तीचे वा अन्य पैसे हाती येताच कर्ज फेडतात. वरील 'अ' कर्ज पाचव्या वर्षाअखेर फेडल्यास प्रत्यक्ष दर सुमारे 9 टक्क्यांवर जातो, कारण आरंभीचे शुल्क अल्प काळातच वसूल होते. तसेच सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तेथे हा हिशेब कर्जदाराने स्वतः मांडावा.

निष्कर्ष :
समान रक्कम, समान मुदत व समान प्रकारचा दर असलेल्या कर्जांचेच एपीआर परस्परांशी ताडावेत. कर्ज किती वर्षे ठेवणार, हे आधी ठरवावे आणि सही करण्यापूर्वी विवरणपत्र मागून वाचावे. प्राध्यापकांनी हे गणित वर्गात सोडवून दाखविल्यास त्याचा लाभ विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचेल.