टॅब मिळाला, पुढे काय?

देवगाव रंगारीला मावशीकडे गेले होते. नववीतल्या मावसभावाला मिळालेला टॅब कपाटात, साड्यांच्या घडीखाली. "काच गेलीय ताई. कन्नडला नेला, तर पार्टच मिळत नाही म्हणाले." आत अख्ख्या वर्षाचा अभ्यास!

टॅबची हौस आपल्याकडे जुनीच. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' आला, तोही सर्वांत स्वस्त टॅब म्हणून गाजत. पण पहिल्या मॉडेलची स्क्रीन बोटाने नीट चालेना, नखाने दाबावी लागायची. बॅटरी २१०० एमएएचची. आपल्या फोनची ५००० ची संध्याकाळी मान टाकते, मग विचार करा.

२०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तर हलकं करायचं, अभ्यासक्रम टॅबमध्येच. आयडिया भारी होती, मला आजही पटते. पण २०१८ मध्ये आठवीची पुस्तकंच बदलली. छापील पुस्तक दुकानातून नवं आणता येतं. टॅबमधला अभ्यास कुणीतरी पुन्हा भरावा लागतो.

खरा लोचा इथेच आहे. वाटपाच्या दिवशी फोटो निघतात. वर्गातले चाळीस टॅब चार्ज करायला प्लग किती, हे कुणी विचारत नाही. बिघडला तर दुरुस्त कोण करणार? सरांनी शिकवायचं की अपडेट टाकत बसायचं? टॅबसोबत एवढ्याचीही तरतूद हवी ना!

मावसभाऊ सध्या शेजारच्या दादाच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास करतोय. टॅबच्या कव्हरमध्ये मावशी लाइट बिल ठेवते.