वाळवण कोण करते – ऊन की हवा?

वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्यातल्या गच्च्यांवर पापड, कुरडया आणि सांडगे दिसू लागतात, आणि राखण करायला बहुधा तुम्हालाच बसवतात. बसल्या बसल्या एका प्रश्नाचा विचार करा. हे पदार्थ नेमके कोण वाळवते? ‘ऊन’ असे तुम्ही म्हणाल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

आपण थोडे गणित करू. १ किलो सोललेल्या केळ्यांत सुमारे ७५० ग्रॅम पाणी असते. टिकाऊ चकत्या करायच्या तर त्यातले सुमारे ७०० ग्रॅम पाणी काढावे लागते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४०० जूल उष्णता लागते. म्हणजे एकूण सुमारे १७ लक्ष जूल, किंवा अर्धा युनिट वीज. भर दुपारी १ चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला जवळजवळ १००० जूल ऊर्जा पडते. या हिशेबाने अर्ध्या तासात काम व्हायला हवे! प्रत्यक्षात दोन-तीन दिवस लागतात. असे का?

पहिले कारण म्हणजे आतले पाणी पृष्ठभागापर्यंत सावकाश येते. चकती दुप्पट जाड केली, तर वेळ सुमारे चौपट लागतो. म्हणून चकत्या पातळ हव्यात. दुसरे कारण हवा. निघालेली वाफ सामावून घ्यायला हवेत जागा हवी. २५ अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते. ४० अंशांना ५१ ग्रॅम! म्हणजे तीच हवा तापवली, की ती ‘तहानलेली’ होते. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्या खाली जाते, तर जुलैत ती साधारणपणे ७० टक्क्यांच्या वर असते. आपल्या आज्या वाळवणे उन्हाळ्यातच का उरकत, हे आता ध्यानात येईल.

बाजारातल्या विजेच्या वाळवणयंत्रात तापक आणि पंखा हेच काम करतात. त्याऐवजी एक खोका घ्या. आत तळाशी काळा कागद लावा. समोरच्या बाजूला खाली व मागच्या बाजूला वर भोके पाडून त्यांना जाळी लावा. मध्ये स्वच्छ कापड ताणून बसवा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट बांधा. आतली हवा तापून वर चढते व वरच्या भोकांतून बाष्प घेऊन बाहेर जाते; खालून कोरडी हवा आत येते. धूळ व माशाही दूर राहतात. मंडईत केळी, टोमॅटो किंवा आवळे स्वस्त झाले, की खाऊ जवळजवळ फुकटात होतो.

मात्र घाई नको. आच फार झाली, तर वरची साल कडक होते आणि आत पाणी अडकते. ५० ते ६० अंश पुरेत. अर्धवट वाळलेल्या पदार्थावर बुरशी येते. काही बुरशींचे विष तळूनही नष्ट होत नाही, म्हणून बुरशी दिसली की तो पदार्थ टाकूनच द्यावा. मीठ व साखर पाणी बांधून ठेवतात, त्यामुळे बुरशीला ते वापरता येत नाही. सांडगी मिरचीत मीठ भरपूर असते, ते केवळ चवीसाठी नव्हे!

करून पाहा : केळ्याच्या १००-१०० ग्रॅम चकत्यांची दोन ताटे घ्या. एक पेटीत ठेवा, दुसरे सावलीत झाकून ठेवा. दर दोन तासांनी वजन करून आलेख काढा. पेटीतले वजन आधी भराभर, मग हळूहळू उतरेल. ते ३० ग्रॅमच्या आसपास आले, की चकत्या गार करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणीच्या काचेवर आतून दव दिसले, तर चकत्या पुन्हा वाळवा. झाकून ठेवलेल्या ताटाचे वजन तोवर किती उतरले, तेही वहीत टिपून ठेवा. ते ताट मात्र खाऊ नका.