‘कान्सेन’ म्हणजे संसर्ग नव्हे: सोरायसिस नेमका होतो कशामुळे?

जपानी भाषेत सोरायसिसला ‘कान्सेन’ म्हणतात. गंमत अशी, की संसर्गालाही ‘कान्सेन’च म्हणतात. लिहिताना चित्राक्षरं वेगळी असतात, पण ऐकताना फरक कळत नाही. त्यामुळे टोकियोत कुणी ‘मला कान्सेन आहे’ म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: मला लागणार तर नाही ना? अनोळखी लोकांसोबत उघड्या अंगाने गरम पाण्याच्या कुंडात उतरण्याची परंपरा असलेल्या या देशात सोरायसिसचे अनेक रुग्ण ओन्सेनला जाणंच टाळतात.

आपल्याकडे शब्दाचा घोटाळा नाही, समजांचा आहे. कोपरावर, गुडघ्यावर लालसर चट्टे आणि चंदेरी खपल्या दिसल्या, की कुणी म्हणतं रक्त बिघडलंय, कुणी म्हणतं माशांवर दूध प्यायलात, तर कुणी कुजबुजत महारोगाचं नाव घेतं. युरोपातही हे दोन आजार शतकानुशतकं एकच समजले जात. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी त्यांची स्पष्ट फारकत केली.

मग त्वचेत होतं तरी काय? त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत जाऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. अर्धवट पिकलेल्या पेशी एकावर एक साचतात, त्याच खपल्या.

बरीच वर्षं वाटत होतं की दोष त्वचेच्या पेशींचाच आहे. १९७९ मध्ये सांध्यांच्या आजारावर सायक्लोस्पोरिन वापरून पाहताना डॉक्टरांना दिसलं, की रुग्णांचे सोरायसिसचे चट्टेही ओसरत आहेत. सायक्लोस्पोरिन टी-पेशींना, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना, आवर घालतं. तेव्हापासून संशयाची सुई त्वचेकडून प्रतिकारशक्तीकडे वळली.

आज दिसणारं चित्र थोडक्यात असं: काही निमित्ताने त्वचेतल्या पहारेकरी पेशी जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-२३ नावाचा निरोप सोडतात. तो मिळताच काही टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात. त्याने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि स्वतःच आणखी सैनिकांना बोलावणं धाडतात. ते सैनिक येऊन पुन्हा तेच करतात. शत्रू कुणीच नाही, पण युद्ध थांबत नाही.

या साखळीची एक कडी टोकियोत तपासली गेली. टोकियो विद्यापीठातल्या इवाकुरा योइचिरो यांच्या गटाने इंटरल्यूकिन-१७ नसलेले उंदीर तयार केले आणि २००२ मध्ये त्यांच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. हा रेणू शरीरात काय करतो, हे अशा उंदरांमुळे उलगडत गेलं. पुढे इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारं सेक्युकिनुमॅब हे औषध आलं. त्याला जगात सर्वांत आधी मंजुरी दिली ती जपानने, डिसेंबर २०१४ मध्ये.

पण ही साखळी काहींच्याच शरीरात का सुरू होते? इथे जनुकं येतात. युरोपीय आणि भारतीय रुग्णांत एचएलए-सी जनुकाचं एक विशिष्ट रूप वारंवार सापडतं; जपानी लोकांत ते खूपच कमी आढळतं. युरोप-अमेरिकेत शंभरात दोन-तीन जणांना सोरायसिस असतो, तर जपानमध्ये हजारात तीन-चार जणांना. तरीही जपानमध्ये तो होतोच, म्हणजे तिथवर पोचणारे रस्ते अनेक आहेत. अंगभर पुवाचे फोड आणणारा दुर्मिळ प्रकार घ्या. २०११ मध्ये ट्युनिशियातल्या काही कुटुंबांत त्याचं मूळ एकाच जनुकात सापडलं. हे जनुक म्हणजे दाहाचा ब्रेक. २०१३ मध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ज्या जपानी रुग्णांना आधी साधा सोरायसिस नव्हता आणि थेट हा प्रकार झाला, त्यांच्यापैकी बहुतेकांत हाच ब्रेक निकामी असतो.

तरी जनुक म्हणजे नशीब नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सोरायसिस असला, तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. दारूगोळा असला तरी ठिणगी लागते: स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेला घशाचा संसर्ग, त्वचेला झालेली जखम, ताण, धूम्रपान, वाढतं वजन, काही औषधं. घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याला लागू शकतो. त्याने पेटलेला सोरायसिस मात्र लागत नाही. स्पर्शाने नाही, टॉवेलने नाही, कुंडातल्या पाण्यानेही नाही.

सोरायसिस समूळ बरा करणारं औषध अजून नाही, पण त्याला आटोक्यात ठेवणारे उपाय आज भरपूर आहेत. जपानमध्ये अंगावर असे चट्टे दिसले तर ‘हिफुका’, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांची पाटी शोधा. आणि ‘कान्सेन’ ऐकून कुणी दचकलं, तर पुढे एकच शब्द जोडा: ‘उत्सुरिमासेन’. म्हणजे, हा लागत नाही.