पदवीविना संशोधक : व्हिव्हियन थॉमस यांच्या जीवनावरील चित्रपट

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ज्यांची नावे रोगांना व शस्त्रक्रियांना लाभली, त्यांची चरित्रे आपण आदराने वाचतो. परंतु ज्यांच्या हातांनी ते शास्त्र प्रत्यक्षात उतरविले आणि तरीही ज्यांचे नाव शोधनिबंधावर उमटले नाही, अशांची चरित्रे क्वचितच लिहिली जातात. अमेरिकेतील एचबीओ या दूरचित्रवाणी संस्थेचा ‘समथिंग द लॉर्ड मेड’ हा २००४ सालचा चरित्रपट अशाच एका कृष्णवर्णीय संशोधकाचा आहे. जोसेफ सार्जंट यांनी तो दिग्दर्शित केला. त्यात व्हिव्हियन थॉमस यांची भूमिका मॉस डेफ यांनी, तर शल्यचिकित्सक डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांची भूमिका अ‍ॅलन रिकमन यांनी केली आहे. वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा बाळगणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट का पाहावा, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

थॉमस यांचा जन्म १९१० साली लुईझियाना राज्यात झाला व बालपण नॅशव्हिल शहरात गेले. वडील सुतार होते आणि मुलानेही ती कला आत्मसात केली होती. डॉक्टर व्हावे म्हणून ते सुतारकामाच्या मजुरीतून महाविद्यालयासाठी पैसे साठवीत होते. महामंदीत काम सुटले, म्हणून १९३० च्या फेब्रुवारीत व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तात्पुरती नोकरी धरली. पुढे काही महिन्यांतच बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठविलेली सर्व पुंजी गेली. तात्पुरती नोकरी अशा रीतीने आयुष्याची झाली.

या प्रयोगशाळेत थॉमस प्राण्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करीत, मोजमापे घेत, नोंदी ठेवीत. गंभीर दुखापतीनंतर रुग्ण ज्या ‘शॉक’ अवस्थेत जातो, तिचे कारण शरीरात तयार होणारे विष असावे, असा त्या काळी अनेकांचा समज होता. रक्त व द्रव कमी होणे हे तिचे खरे कारण आहे, हे या दोघांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. रक्त व रक्तद्रव देऊन जखमींना वाचविण्याच्या उपचारास त्यामुळे भक्कम आधार मिळाला आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. मात्र वेतनपत्रकात थॉमस यांचे पद ‘झाडूवाला’ असेच नोंदलेले होते. हे कळताच त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे स्पष्ट शब्दांत दाद मागितली. चित्रपटातील हा प्रसंग विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा. थॉमस त्यात दया मागत नाहीत. जे काम करतो त्याच कामाचे नाव व वेतन द्या, इतकेच ते म्हणतात.

१९४१ साली डॉ. ब्लॅलॉक बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले व आपल्यासह थॉमस यांनाही घेऊन गेले. तेथे डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ होत्या. त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली होती, म्हणून त्या बालकांच्या हृदयाचे ठोके बोटांच्या स्पर्शाने ओळखीत. ‘निळ्या बालकां’चा प्रश्न त्यांनीच ब्लॅलॉक यांच्यापुढे मांडला.

हा विकार काय आहे, ते समजून घेऊ. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असते. फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद असतो. महारोहिणी आपल्या जागेवरून सरकून त्या छिद्रावर आलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. परिणामी पुरेसे रक्त फुप्फुसांत पोहोचत नाही, प्राणवायूविना राहिलेले रक्त शरीरभर फिरते आणि ओठ व नखे निळी पडतात. यांतील पुष्कळ बालके अल्पवयातच दगावत.

यावरील उपाय पूर्वीच्या एका फसलेल्या प्रयोगातून आला. व्हँडरबिल्ट येथे थॉमस व ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीस जोडून फुप्फुसातील रक्तदाब वाढविण्याचा प्रयत्न केला होता. तो दाब वाढला नाही. परंतु तीच जोडणी फुप्फुसास अधिक रक्त पुरवू शकेल, हे आता ध्यानात आले. थॉमस यांनी सुमारे दोन वर्षे जवळजवळ दोनशे कुत्र्यांवर आधी बालकांसारखी स्थिती निर्माण केली व नंतर ती जोडणीने सुधारून दाखविली. इतक्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी योग्य साधने नव्हती, तेव्हा मोठ्या सुया कापून व घासून त्यांनी त्या स्वतः तयार केल्या. सुताराच्या घरातील हस्तकौशल्य येथे वैद्यकाच्या कामी आले. दीर्घकाळ जगलेल्या ‘अ‍ॅना’ नावाच्या कुत्रीचे चित्र हॉपकिन्सच्या भिंतीवर लावण्यात आले. ज्या मुक्या जीवांच्या मोलावर हे ज्ञान मिळाले, त्यांचे विस्मरण होऊ नये, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ब्लॅलॉक यांच्या मागे एका चौरंगावर थॉमस उभे होते व टाका कोठे, कसा घ्यावा, हे सांगत होते. ही जोडणी ब्लॅलॉक यांच्यापेक्षा त्यांनीच अधिक वेळा केलेली होती. आयलीन पुढे फार काळ जगली नाही. परंतु त्यानंतर ओठांवर लाली परतलेली बालके अनेक झाली व देशोदेशींचे पालक बाल्टिमोरला येऊ लागले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर ब्लॅलॉक व टॉसिग यांची नावे होती. थॉमस यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

वर्णभेद कायद्याने व रूढीने पाळला जाई, असा तो काळ होता. याच सुमारास, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्य व कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. थॉमस यांची कथा आपणास परकी का वाटत नाही, याचे उत्तर त्या साम्यात आहे.

चित्रपट ब्लॅलॉक यांना खलनायक करीत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. ते थॉमस यांच्यावर पूर्ण विश्वास टाकतात, त्यांच्यावाचून शस्त्रक्रियेस उभे राहत नाहीत. आणि तरीही सत्काराच्या वेळी त्यांचे नाव घेत नाहीत. सज्जन माणूसही विषम व्यवस्थेचा लाभ किती सहजतेने घेतो, हे येथे दिसते. दोन तासांच्या कथेत अनेक वर्षांचे कंटाळवाणे, निष्फळ प्रयोग मावत नाहीत, ही मर्यादा मात्र प्रेक्षकाने ध्यानी ठेवावी. संशोधनाचा बहुतांश काळ तसाच जातो.

थॉमस डॉक्टर झाले नाहीत. महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागेल, असे कळल्यावर वयाचा विचार करून त्यांनी तो नाद सोडला. परंतु शस्त्रक्रिया शिकणाऱ्या कितीतरी डॉक्टरांना त्यांनी घडविले. त्या शिष्यांनीच पुढाकार घेतला आणि १९७१ साली थॉमस यांचे तैलचित्र हॉपकिन्समध्ये लागले. १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८५ साली त्यांचे निधन झाले व त्याच सुमारास त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. आज त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख ‘ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग’ असा होऊ लागला आहे.

हा न्याय उशिरा मिळाला, आणि उशिराचा न्याय अपुराच असतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या प्रयोगशाळांचे व रुग्णालयांचे प्रमुख होतील. त्यांच्या हाताखाली नळ्या धुणारे, नोंदी ठेवणारे, यंत्रे सांभाळणारे असतील. शोधनिबंधावर नावे लिहिताना त्या सर्वांकडे एकदा वळून पाहण्याची सवय त्यांना लागावी, हीच या चित्रपटाच्या निमित्ताने आमची अपेक्षा आहे.