मावशी बेतीची, बोट मांडवीतली

गोव्यात नातेवाईक असले की एक पंचाईत होते. माणूस गोव्याला जातो, पण गोवा बघत नाही. दोन दिवस हुमण-भात, तिसऱ्या दिवशी मंगेशी आणि शांतादुर्गा, चौथ्या दिवशी पिशवीभर कोकमं घेऊन परत. माझी मावशी बेतीला राहते. तिच्या गॅलरीतून मांडवी दिसते, पलीकडे पणजी, आणि मधे लग्नाच्या मांडवासारख्या रात्रभर लखलखणाऱ्या कॅसिनोच्या बोटी. कित्येक वर्षं मी त्या गॅलरीतूनच बघत आलो. यंदा मात्र "जरा पणजीत पाय मोकळे करून येतो" असं सांगून निघालो. दिवाळीत तीन पत्तीवर हात बसलेला होताच, म्हटलं पोकर खेळून बघू.

बेतीची फेरीबोट पायी माणसाला फुकट पलीकडे सोडते. त्याच नदीत, तिथून हाकेच्या अंतरावर, कॅसिनोकडे नेणाऱ्या होडीत पाय ठेवण्याआधी तिकिटाचे हजारो रुपये मोजावे लागतात. त्यात जेवण येतं, हे खरं. मावशीच्या हातचं नव्हे, एवढंच.

यजमानाला प्रवेश नाही

मावसभाऊ धक्क्यापर्यंत सोबत आला आणि थांबला. "तूं वच. हांव हांगा रावतां." मला वाटलं, आईला घाबरतो. तसं नव्हतं. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला जायची बंदी आहे. पर्यटकाने यावं, वयाची 21 वर्षं पूर्ण झाल्याचं ओळखपत्र दाखवावं आणि खुशाल खेळावं. घरच्याने काठावर उभं राहावं. पाहुण्याला पंगतीत बसवून यजमानाला दाराबाहेर ठेवणारी ही बहुधा गोव्यातली एकमेव जागा.

बोटच का?

हा प्रश्न मलाही पडला होता, कारण ही बोट कुठेच जात नाही. नदीत नांगर टाकून उभी. उत्तर कायद्यात आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकायच्या यंत्रांना वाट करून दिली. 1996 मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि टेबलावरच्या खेळांनाही परवानगी मिळाली, पण जहाजावर. म्हणजे जमिनीवर यंत्र, पाण्यावर माणूस. त्या एका वाक्यापायी मांडवीत एवढी रोषणाई.

आणि आपण मराठी माणसांनी फार नाक मुरडू नये. त्याच 1976 साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यासाठी स्वतःचा कायदा केला होता! केला आणि कपाटात ठेवला. तो एक दिवसही अमलात आला नाही. शेवटी 2023 मध्ये सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं पानं पिसली, वाटली मात्र कुणालाच नाहीत.

नदीत बसून रिव्हर

पोकरच्या टेबलावरची पहिली गंमत ही की इथे तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळतच नाही. रूलेटमध्ये समोर 'घर' असतं, म्हणजे खुद्द कॅसिनो. पोकरमध्ये समोर असतात तुमच्यासारखीच आठ माणसं: एखादा सुरतेचा व्यापारी, बंगळुरूचा संगणकवाला, कानात इयरफोन घालून भिंतीकडे बघत बसलेला एखादा पोरगा. (सगळ्यात धोकादायक तोच.) घर फक्त पानं वाटतं आणि प्रत्येक गल्ल्यातून आपला वाटा काढून घेतं. त्याला म्हणतात 'रेक'. बहुतेक ठिकाणी तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो. कुणीही जिंको, बोटीचं पोट भरतंच.

टेक्सास होल्डेम हा प्रकार सगळीकडे चालतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन, तो 'फ्लॉप', मग एक, तो 'टर्न', शेवटचं पान 'रिव्हर'. मांडवीत बसून रिव्हरची वाट बघण्यात मला उगाच काव्य वाटत होतं. पान आलं चौकट दुर्री. काव्य संपलं.

तीन पत्तीवाल्याची फजिती

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझं हसं कसं झालं.

पहिला घोळ 'ब्लाइंड'चा. तीन पत्तीत ब्लाइंड खेळायचं म्हणजे पानं न बघता मर्दुमकी दाखवायची. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे आळीपाळीने दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे, आपल्या 'बूट'चा दूरचा भाऊ. मला डीलर म्हणाला, "सर, बिग ब्लाइंड." मी अभिमानाने पानांना हातच लावला नाही. सगळे थांबले. मीही थांबलो.

दुसरा घोळ खर्चिक होता. माझ्याकडे सलग पाच पानं जमली: एक्का-राजाची नव्हे, साधी पंजी ते नव्वी. सिक्वेन्स! समोरच्याचे पाच बदाम जमले, म्हणजे नुसता कलर. दिवाळीत आमच्याकडे सिक्वेन्सपुढे कलर मान खाली घालतो. मी दोन्ही हातांनी गल्ला ओढायला निघालो, तर डीलरने अगदी नम्रपणे तो उलट दिशेला सरकवला. पोकरमध्ये कलर मोठा.

हा अन्याय आहे का? घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यात साधी सिक्वेन्स 720 वेळा, कलर 1,096 वेळा. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून ती वर. पाच पानांचे हात होतात 25,98,960. तिथे सिक्वेन्स 10,200 आणि कलर फक्त 5,108. दोन पानं वाढली आणि सगळा मानपानच उलटला. गणित दोघांचंही बरोबर, चुकलो मी.

पण तीन पत्तीची एक चोरी या हिशेबात सापडली. आपण तीन सारख्या पानांची ट्रेल सगळ्यात मोठी मानतो. ट्रेल होते 52 प्रकारांनी. एकाच रंगाची प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारांनी. म्हणजे प्युअर अधिक दुर्मिळ, तरी ट्रेलच्या खाली! इतक्या दिवाळ्या झाल्या, पण कुणी हिशेब मागितला नाही. यंदा मी मागणार आहे.

हात झटकणारा डीलर

टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उघडून दाखवतो, टाळी वाजवल्यासारखे हात झटकतो आणि जातो. आपल्याकडे हात झटकणं म्हणजे जबाबदारी टाळणं. इथे ती जबाबदारीच आहे, कारण छतावरच्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की तळहातात चिप लपलेली नाही. पैसेही त्याच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. मी सवयीने हातात द्यायला गेलो, तर त्याने तिकीट द्यायला नकार देणाऱ्या कंडक्टरसारखा हात मागे घेतला.

एक्क्यांची जोडी कधी येते?

221 डावांत एकदा, सरासरीने. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे आठ तास बसलात तर एकदा दोन एक्के, आणि ते आले तेव्हा नेमके तुम्ही बाथरूमला गेलेले असता. रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे दश्शी ते एक्का: पाच पानांच्या वाटपात 6,49,740 मध्ये एक. त्यासाठी मावशीकडे मुक्काम बराच वाढवावा लागेल.

तरीही लोक स्वप्नं बघतात, त्याला 2003 साल कारण आहे. अमेरिकेतला एक हिशेबनीस शंभर डॉलरपेक्षाही कमी पैशांत ऑनलाइन पात्रता फेरी खेळला, तिथून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्याचं नाव ख्रिस मनीमेकर. हे त्याचं खरं आडनाव आहे. आमच्या आडनावात तशी काही सोय नाही.

कौशल्य की नशीब?

न्यायालयांचंही एकमत नाही. पश्चिम बंगालने मात्र 1957 च्या जुगारविषयक कायद्यातच ब्रिज आणि रमीच्या पंक्तीत पोकरलाही बसवून जुगारातून वगळलं. गुजरातच्या उच्च न्यायालयाला 2017 मध्ये हे पटलं नाही. करखात्याला हा वाद मुळीच पडलेला नाही. कॅसिनोत चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. जिंकलात तर पत्त्यांच्या कमाईवर 30 टक्के आयकर, वर उपकर, आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. टेबलावरचा सगळ्यात पक्का खेळाडू कोण, हे वेगळं सांगायला नको. आणि फोनवर पैसे लावून खेळायची वाट ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झाल्यामुळे, पोकरवेडा आता होडीकडेच वळतो.

मी रात्री साडेबाराला धक्क्यावर उतरलो तेव्हा मावसभाऊ स्कूटरवर पेंगत होता. घरी मावशी जागी. "किती गेले?" तिने पणजीत पाय मोकळे करण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आकडा ऐकून तिने कपाटातून मळका कॅट काढला, काकांना उठवलं आणि मेंढीकोट मांडला. मावशी आणि तिचा लेक एका बाजूला, काका आणि मी दुसऱ्या. पहिल्याच डावात चारही दश्श्या त्यांच्याकडे गेल्या.

तुम्ही गेलात तर एक करा. परतताना आंबोलीच्या वाटेवर सावंतवाडीला थांबा आणि राजवाड्यात गंजिफा बघा. हाताने रंगवलेले, लाखेचा मुलामा दिलेले गोल पत्ते; दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. ते आपल्या पत्त्यांसारखे पिसत नाहीत. कापडावर पालथे पसरून हाताने कालवतात.