ओली हवा आणि बोटीचा तळ

बोट रंगवायची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तिची बाहेरची बाजू येते. नाळेवर लिहिलेले नाव, निळे-तांबडे पट्टे, उन्हात चमकणारा ताजा रंग. पण बोटीचे आयुष्य किती, हे ठरते कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या जागी. पायाखालच्या फळ्या काढून इंजिनाच्या खाली वाकून पाहिले की एक काळोखा, चिंचोळा भाग दिसतो. तो बोटीच्या पोटाचा तळ. जहाजावरची माणसे त्याला बिल्ज म्हणतात. झिरपलेले समुद्राचे पाणी, पावसाचे पाणी, मासळीवरच्या बर्फाचे पाणी, इंजिनातून ठिबकलेले तेल आणि डिझेल, सारे उताराने येऊन येथे साठते. घरातली मोरीच म्हणा ना! फरक इतकाच, की या मोरीचे पाणी आपोआप बाहेर जात नाही; ते पंपाने काढावे लागते.

माझी बरीच वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत गेली आणि नंतरची किनाऱ्यावर, मच्छीमार बोटींच्या दुरुस्तीत. या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला : हवा ओली आहे, तळाला रंग मारायचा की थांबायचे? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बोटीचा पत्रा किंवा लाकूड आणि बोटीवरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर बोलू.

आधी एक शंका दूर करू. जी जागा कोणी पाहत नाही ती रंगवायची कशाला? एक कारण उघड आहे. लोखंडाला गंजापासून आणि लाकूड वा फायबर यांना तेल-पाण्यापासून आडोसा हवा. दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे. तळ नेहमी पांढऱ्या किंवा फिकट राखाडी रंगाने रंगवावा, म्हणजे तेलाची गळती, गंजाचा ओघळ, फळीतली चीर टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. चांगला रंग दोष दाखवतो. ओल्या पृष्ठभागावर मारलेला रंग मात्र दोष झाकतो. वरून गुळगुळीत आणि आत पाणी कोंडलेले, अशी त्याची गत होते. त्याच्याखाली पत्रा निवांतपणे गंजत राहतो आणि मालक मात्र यंदा रंगकाम झाले म्हणून निर्धास्त असतो. न रंगवलेल्या तळापेक्षा असा तळ अधिक धोक्याचा, हे माझे ठाम मत आहे.

आता हे पाणी येते कोठून? फ्रिजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. बाटली गळत नसते. हवेतली वाफ गार काचेवर येऊन पाणी होते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. रंगकामाचा पहिला नियम असा, की ज्या पृष्ठभागावर रंग लावायचा त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवे. शिवाय हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ८५ टक्क्यांच्या आत असावी. हवा किती गरम आहे यापेक्षा पत्रा किती गार आहे, हे विचारायचे.

थंड देशांतल्या बंदरात याचा चांगला अनुभव येतो. समजा, हिवाळ्यात उत्तर युरोपातल्या एखाद्या बंदरात जहाज उभे आहे आणि समुद्राचे पाणी ५ अंशांवर आहे. तळाच्या पत्र्याला बाहेरून हेच पाणी लागलेले, म्हणजे पत्राही जवळपास तितकाच गार. इंजिनखोलीतली हवा मात्र २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के. या हवेचा दवबिंदू सुमारे १७ अंश. पत्रा त्याच्या कितीतरी खाली. त्याला सतत घाम फुटणारच. अशा वेळी कोणीतरी हीटर लावायला सांगतो. हवा तापली की आर्द्रतेचा काटा खाली येतो आणि काम झाले असे वाटते. पण हवेतली वाफ तेवढीच राहते, दवबिंदूही तेथेच राहतो आणि समुद्राने गार ठेवलेला पत्रा घामेजलेलाच राहतो. तेथे हवा तापवून भागत नाही, ती कोरडी करावी लागते. त्यासाठी हवेतील पाणी शोषून घेणारी यंत्रे लावतात, नाहीतर जहाज गोदीत घेऊन पाण्याबाहेर काढतात.

आपल्या कोकण किनाऱ्यावर थंडी नाही, पण ओल आहे. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर दवबिंदू २५ अंशांच्या वर जातो. शाकारून ठेवलेल्या बोटीचा तळ सकाळी हवेपेक्षा थोडा गारच असतो. म्हणजे ३ अंशांची सवड उरतच नाही. हात फिरवला तर कोरडे वाटते, पण डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर तेथे असतो.

मोजमाप करायचे तर दोन तापमापके पुरतात. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळायचे, दुसरे कोरडे ठेवायचे. दोन्ही हवेत फिरवून त्यांतला फरक पाहिला की तक्त्यावरून दवबिंदू मिळतो. पत्र्याचे तापमान पाहायला त्याला चिकटणारे चुंबकाचे तापमापक असते. यातले काहीच हाताशी नसेल, तर एक घरगुती अंदाज सांगतो. तळाचा वीतभर भाग ओल्या फडक्याने पुसा आणि घड्याळ पाहा. पंधरा मिनिटांत तो पूर्ण वाळला नाही, तर हवा पाणी घ्यायला तयार नाही, असे समजून ब्रश खाली ठेवा.

आता तयारी. येथे क्रम महत्त्वाचा असतो. पुष्कळजण आधी तारेच्या ब्रशाने खरवडायला घेतात. त्यामुळे तेल निघत नाही. उलट ते खरवडलेल्या ओरखड्यांत चोळले जाते. आधी तेल काढणाऱ्या साबणाने दोन-तीनदा धुवा आणि ते पाणी समुद्रात न सोडता डब्यात भरा. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, कारण रंगाखाली राहिलेले मीठ बाहेरचे पाणी रंगातून आत ओढून घेते आणि काही महिन्यांत फोड येतात. त्यानंतर खरवडा. तेल खरेच गेले का, हे पाहायला स्वच्छ पाणी शिंपडा. ते सलग पसरले तर ठीक. थेंब थेंब होऊन उभे राहिले तर पुन्हा धुणे आले. फासळ्यांच्या बुडाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. रंगवण्यापूर्वी त्यांतून एक दोरी ओवून ठेवा आणि रंग ओला असताना पुढेमागे ओढा. ही भोके बुजली तर प्रत्येक खणात पाणी तुंबते आणि पंपापर्यंत पोचतच नाही.

बोट किनाऱ्यावर ओढलेली असेल, तर तळ वाळवणे शक्य असते, कारण मग बाहेरून समुद्र त्याला गार करत नाही. दोन्ही टोके उघडी ठेवून आरपार वारा खेळू द्यावा, विजेचा पंखा किंवा गरम हवेचा झोत एक-दोन दिवस सोडावा. पण रॉकेलची शेगडी किंवा कोळशाचे घमेले आत ठेवू नका. लिटरभर रॉकेल जळले की त्यातून लिटरभराहून थोडे अधिकच पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. म्हणजे वाळवायला म्हणून शेगडी ठेवायची आणि तिने ओल वाढवायची! शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो.

रंगाचेही काही सांगितले पाहिजे. तळासाठी बहुधा दोन डब्यांचा इपॉक्सी रंग वापरतात. एका डब्यात मूळ रंग, दुसऱ्यात हार्डनर. हा रंग नुसता वाळत नाही, त्यात रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो. तापमान १० अंशांनी उतरले की या क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो आणि नेहमीचे इपॉक्सी १० अंशांच्या खाली जवळजवळ थबकते. थंडीत रंग घट्ट होतो म्हणून थिनर ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. डबेच आदल्या रात्री उबदार जागी ठेवावेत. हवा ओली असेल तर आणखी एक भानगड होते. हार्डनरचा काही अंश हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतो आणि रंगावर मेणचट थर येतो. त्यावर दुसरा हात मारला तर तो सालीसारखा सुटतो. हा थर पॉलिश पेपरने घासू नये, तो पसरतो. आधी कोमट स्वच्छ पाण्याने चोळून धुवावा, कोरडा करावा, मगच पुढचे काम.

यावर उपाय म्हणून थंडी आणि ओल सोसणारे हार्डनर निघाले आहेत. त्यांतला एक महत्त्वाचा प्रकार म्हणजे फेनाल्कामाइन. तो कशापासून बनतो, ठाऊक आहे? काजूच्या टरफलातल्या तेलापासून! अंगावर पडले तर कातडी उतते, तेच हे तेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आपल्या कोकण-गोव्यात रुजले आणि लाकूड टिकावे म्हणून मच्छीमार हे तेल होड्यांना चोपडत आले. आज त्याच तेलातल्या कार्डानॉल या घटकापासून केलेले हार्डनर, शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीतही जहाजे रंगवायला उपयोगी पडतात. अर्थात, हा रंगसुद्धा साचलेल्या पाण्यावर किंवा तेलावर बसत नाही. धुणे-पुसणे कोणालाच चुकलेले नाही.

लाकडी बोटीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. रंगासाठी लाकडातली ओल १५-१६ टक्क्यांच्या आत असलेली बरी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचे लाकूड नुसत्या हवेतूनच १८-२० टक्के ओल धरते. त्यावर जाड, पाणी न झिरपणारा रंग चढवला तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि लाकूड कुजते. पावसाचे गोडे पाणी येथे खाऱ्या पाण्यापेक्षा वाईट, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात फोफावते. जुन्या लोकांनी आतून तेल चोपडले, त्यामागे हे शहाणपण होते. तेल लाकडात मुरते, पण त्याचा श्वास कोंडत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, उताराने खाली येते आणि तळातच साठते. म्हणजे जेथे रंगारी गुडघे टेकून बसलेला असतो, नेमकी तेथेच. आधी डोके जड होते, मग गुंगी येते आणि आपण गुंगीत आहोत हे त्यालाच कळत नाही. एखादी ठिणगी पडली, तर स्फोट. तेव्हा हवा खेचणाऱ्या नळीचे तोंड अगदी तळाशी ठेवा, ताजी हवा वरून सोडा, उघडा दिवा किंवा बिडी-काडी जवळ नको. आत एक माणूस असेल तर वर दुसरा हवाच, आणि त्याने दर थोड्या वेळाने हाक मारायची. आतून ओ आली नाही, तर तसेच आत उडी घ्यायची नाही. आधी हवा सोडायची, मदत बोलवायची. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बळी जातो, असे बंद जागांतल्या अपघातांत वारंवार घडते.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी मोकळ्या असतात म्हणून रंगकाम याच दिवसांत उरकायची रीत पडली, आणि हवा सर्वांत ओली असते तीही याच दिवसांत. जुलै सरत आला की डिझेल, बर्फ, खलाशांची उचल असे खर्च समोर उभे राहतात आणि हात घाई करू लागतो. मालकाची अडचण मला समजते. म्हणून माझे सांगणे असे : मेअखेरीस बोट वर घेताच, उन्हे आहेत तोवर तळ धुऊन, वाळवून पहिले हात मारून घ्या. ते जमले नाही, तर पावसात धुणे, खरवडणे, डागडुजी करा आणि चांगली उघडीप मिळाली तरच रंगाचा डबा उघडा. सकाळची ओल गेल्यावर सुरू करा, सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी थांबा. तशी उघडीप मिळालीच नाही, तर यंदा तळ नुसता स्वच्छ आणि कोरडा ठेवून समुद्रावर जा, महिन्या-महिन्याला टॉर्च घेऊन तपासा आणि ऑक्टोबरच्या उन्हात रंगवा. उघड्या तळावरचा गंज निदान दिसतो आणि जे दिसते त्यावर वेळीच इलाज करता येतो.