गेममधले डायमंड : खरी कमाई कोणती, फसवणूक कोणती?

“आई, थोडेच पैसे टाक ना, डायमंड घ्यायचेत.” सातपूर-सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत अनेक घरांत हे वाक्य आता रोजचे झाले आहे. आई-वडील कंपनीत पाळीवर, फोन मुलाच्या हातात आणि त्याच फोनला बँकेचे खाते जोडलेले. डायमंड, यूसी, रोबक्स म्हणजे नेमके काय, हे पालकांना ठाऊक नसते. मग ते एकतर कटकट नको म्हणून पैसे देतात, नाहीतर रागाने फोन हिसकावतात. हा विषय आरोग्याच्या पानावर घेण्याचे कारण असे की, तो जेवढा पैशाचा आहे तेवढाच झोपेचा, डोळ्यांचा आणि मनाचाही आहे.

हे नाणे आहे तरी काय?

आपल्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या नोटेमागे रिझर्व्ह बँकेची हमी असते. ती कोणत्याही दुकानात चालते. गेममधल्या नाण्यामागे अशी हमी नसते. फ्री फायर मॅक्समधले डायमंड, बीजीएमआयमधला यूसी, रोब्लॉक्समधले रोबक्स हे त्या-त्या कंपनीच्या संगणकावरचे आकडे आहेत. त्यांतून खेळातले कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या हालचाली विकत घेता येतात. ते बाहेर चालत नाहीत आणि गेम बंद झाला तर त्यांचा उपयोगही संपतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली, तेव्हा अनेक मुलांना हे पहिल्यांदा कळले.

सरळ मार्ग कोणते?

१. खेळून : बहुतेक गेममध्ये दोन प्रकारची नाणी असतात. साधी नाणी रोजची कामे पूर्ण केली की भरपूर मिळतात. डायमंड किंवा यूसीसारखी महाग नाणी मात्र कंपनी हात आखडूनच देते, कारण तिचा धंदा तीच विकण्यावर चालतो.

२. कंपनीचे कोड : सणाला किंवा स्पर्धेच्या वेळी कंपनी बक्षिसाचे कोड देते. ते फक्त तिच्या अधिकृत पानावरच वापरावेत. अशा कोडसाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

३. सर्वेक्षण : गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स या अॅपमध्ये छोट्या प्रश्नांची उत्तरे दिली की प्ले स्टोअरमध्ये थोडी रक्कम जमा होते. हे अॅप मोठ्या माणसांसाठी आहे. आई-वडिलांनी स्वतः उत्तरे देऊन जमलेली रक्कम मुलाला दिली, तर त्यात गैर काही नाही.

४. काही बनवून : रोब्लॉक्समध्ये मूल स्वतःचा खेळ तयार करू शकते. त्यासाठीचे स्टुडिओ सॉफ्टवेअर मोफत असून, त्यात लुआ भाषेवर आधारलेले कोडिंग शिकता येते. मात्र त्यासाठी संगणक लागतो. आपल्या खेळातला पास विकला गेला की, किमतीच्या ७० टक्के रोबक्स बनवणाऱ्याला मिळतात. त्यांचे खरे पैसे करायचे असतील, तर वय किमान १३ आणि कमावलेले ३०,००० रोबक्स लागतात. ही वाट लांबची आहे. पण तिच्यावर पैसे मिळाले नाहीत तरी विद्या हाती राहते.

५. विकत घेऊन : पालकांच्या संमतीने, ठरवलेल्या रकमेत आणि गेमच्या आतूनच.

‘खेळा आणि रोख कमवा’ म्हणणारी अॅप्स मात्र या यादीत बसत नाहीत. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केले आहेत.

फसवणूक कशी ओळखावी?

‘आयडी टाका आणि १०,००० डायमंड फुकट मिळवा’ अशा जाहिराती मुलांना रोज दिसतात. इथे एकच गोष्ट मुलाला नीट समजावून सांगा. डायमंडचा आकडा आपल्या फोनमध्ये नसतो, कंपनीच्या संगणकात असतो. त्यामुळे बाहेरची कोणतीही वेबसाइट तो वाढवू शकत नाही. ती फक्त आपल्याकडून काहीतरी घेऊ शकते : पासवर्ड, ओटीपी, फोनमधली माहिती किंवा खात्यातले पैसे.

‘बक्षीस घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे कुणी म्हटले, तर ती फसवणूकच समजावी. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही. बदल केलेले ‘मॉड’ गेम उतरवणे किंवा दुसऱ्याचा आयडी विकत घेणेही धोक्याचे आहे. त्यात फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरू शकते आणि खाते कायमचे बंद होऊ शकते.

सरळ कमाईचीही किंमत असते

फसवणूक टाळली म्हणजे सगळे झाले असे नाही. रोज हजेरी लावली तरच सातव्या दिवसाचे बक्षीस, अमुक वेळेपर्यंत खेळले तरच नाणी, पेटी उघडल्यावर काय निघेल याचा नेम नाही : ही रचना मुद्दाम केलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत दिसले होते की, दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला, की पक्षी अधिक चिकाटीने टोचत राहतो. ‘अजून एकच मॅच’ म्हणणाऱ्या मुलाची अवस्था याहून फार वेगळी नसते. त्याला नुसते आळशी किंवा बिघडलेले म्हणून भागत नाही.

याचा पहिला फटका झोपेला बसतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री बारापर्यंत नाणी जमवणारे मूल सकाळी वर्गात पेंगते, चिडचिडे होते, पाठांतर टिकत नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात. त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आजारांच्या वर्गीकरणात केली असून, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या तीन खुणा आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण बारा महिने चालू असेल, तर तो आजार धरला जातो. सुट्टीत दोन-तीन तास खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही लक्षात ठेवावे.

रागावण्याआधी थांबा

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतल्या जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या एका मुलाने पबजीचा आयडी आणि यूसी मिळवण्यासाठी आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्च केले. घरी कळल्यावर पालक रागावले आणि मुलगा घर सोडून गेला. पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. तो सुखरूप परतला, हे त्या घराचे भाग्य. पैसे गेल्याचे दुःख मोठे असतेच. पण घाबरलेले मूल त्या क्षणी काय करून बसेल, हे सांगता येत नाही. म्हणून पहिले वाक्य असे असावे : “तू सांगितलेस ते बरे केलेस. आता काय करायचे ते आपण मिळून पाहू.”

घरात एवढे करा

• यूपीआय पिन मुलाला सांगू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करा.
• गेममध्ये मुलाचे खरे वय टाका. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. खोटे वय टाकले की ती उरत नाही.
• महिन्याची रक्कम आणि रोजची वेळ मुलाबरोबर बसून ठरवा. रात्री सर्वांचेच फोन झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा, पालकांचेही.
• पडद्यासमोर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहण्याची सवय लावा. संध्याकाळी मैदानावर पाठवा.
• मुलाने प्ले स्टोअरवरून न विचारता खरेदी केली असेल, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करा.
• फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.
• मूल जेवण, शाळा, मित्र सोडून खेळत असेल किंवा गप्प-गप्प राहत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोला. मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही दाखवता येईल. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

आज रात्री मुलाशेजारी बसा आणि त्याचा गेम त्यालाच समजावून सांगायला लावा. नाणी कशी मिळतात, कुणी फुकट देऊ करते का, आजवर कुणाला ओटीपी दिला का, हे सहज विचारा. जे मूल आज गेमबद्दल मोकळेपणी बोलेल, ते उद्या अडचणीत सापडले तर पहिल्यांदा तुमच्याकडेच येईल.